तीनच्या आकड्याची शेपटी

माझ्या हातानं काढलेला एक आकडा. त्याची रेघ वाकडी नव्हती, रंग फुटला नव्हता, आणि तरी त्या आकड्यापायी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात दीड महिना नको ते पाणी गेलं. हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या पेंटरच्या गोष्टी लांबत जातात आणि मुद्दा यायच्या आत ऐकणारा उठून चहाला जातो, हा अनुभव मला घरातच रोज येतो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या धंद्याला जे दिवस आले ते पुन्हा कधी आले नाहीत. तोवर बाजारातल्या झाडून साऱ्या पाट्यांवर दुकानाच्या नावाखाली ‘जि. उस्मानाबाद’ असायचं. जिल्हा बदलला आणि आडत दुकानापासून न्हाव्याच्या खोक्यापर्यंत सगळ्यांना पाटी बदलायची घाई झाली. मी शिडीवरून खाली उतरतच नव्हतो. जेवणसुद्धा बायको शिडीपाशी आणून द्यायची. आता उस्मानाबाद अक्षरं पाच, लातूर तीन. जुनं खोडून नवं लिहिलं की शेजारी दोन अक्षरांची जागा उघडी पडायची आणि ती माझ्या डोळ्यांत खुपायची. म्हणून तिथं मी वेलबुट्टी काढायला लागलो. लोकांना ती आवडली. पुढं पुढं वेलबुट्टी दिसली की पाटी कोणाची हे विचारावं लागत नसे.

पेंटर लोक अक्षराला ‘हात’ म्हणतात. याचा हात चांगला, त्याचा हात जड, असं. माझा हात सगळ्यात आधी ओळखला तो माझ्या आक्कानं. आई मी लहान असताना गेली, मला आक्कानंच वाढवलं. तिला अक्षर एक येत नव्हतं. नागपंचमीला ती भिंत सारवून द्यायची आणि चुना-काजळ कालवून मला नाग काढायला बसवायची. माझ्या नागाची शेपटी शेवटाला वर वळून परत आत यायची. ती तिला फार आवडायची. पुढं मी आकडे लिहायला लागलो तेव्हा तीनच्या आकड्याला नकळत तीच शेपटी यायला लागली. ज्याच्या हाताखाली मी शिकत होतो तो उस्ताद दोनदा रागावला, तिसऱ्यांदा त्यानं नाद सोडला. आक्का लातूरला बाजाराला आली की पाट्यांखालून चालताना बोट करून सांगायची, हे माझ्या भावाचं, हे न्हाई, हे हाय. एकदाही चुकली नाही.

मग पावसानं डोळे वटारले. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक नाही तो पाटी कशाला रंगवील? डबे सुकून गेले. त्या उन्हाळ्यात तहसिलानं मला काम दिलं. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे ती विहीर सरकार गावासाठी ताब्यात घ्यायचं. त्याला अधिग्रहण म्हणत. मग तिच्या कठड्यावर लाल वर्तुळ काढून आत नंबर टाकायचा. तो लाल नंबर दिसला की समजायचं, इथलं पाणी सरकारनं पास केलेलं आहे, मालकाला आता नाही म्हणता येणार नाही, खुशाल घागर सोडा. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. दुष्काळात माणूस असली लिपी दोन दिवसांत शिकतो. रेणापूरच्या बाजूच्या कितीतरी विहिरींवर मी ते लाल गोल काढले. बायका रंग वाळायचीही वाट बघत नसत.

दुसऱ्या वर्षी मला नांदेडला रोजंदारीवर काम लागलं, ते प्रदूषणाच्या ऑफिसात. नाव सांगत नाही. तिथं आता माणसं नवी आहेत, पद्धतीही बदलल्या असतील. तेव्हा ते दोन खोल्यांचं ऑफिस होतं, एक जीप, एक साहेब, एक कारकून आणि बाटल्यांनी भरलेलं कपाट. साहेब पुण्याकडचे, शिकलेले, सरळ माणूस. मला ‘अहो पेंटर’ म्हणायचे. आमच्याकडं पेंटरला ‘अहो’ कोणी म्हणत नाही, त्यामुळं मी पहिले आठ दिवस मागं वळून बघायचो.

लोकांना कळवायची त्या ऑफिसची एक रीत होती. पेपरात बारीक टायपात जाहीर सूचना यायची. तिचीच प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची, खाली दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, झालं, लोकांना कळलं. लोकांना खरंच कळलं का, हे लोकांना विचारावं असं कुठल्याही कलमात नव्हतं. आणि ती भाषा! ‘सदरहू जलस्रोतातील पाणी विहित मानकांनुसार पिण्यायोग्य आढळून न आल्याने तमाम संबंधितांनी त्याचा पिण्याकरिता वापर करण्याचे टाळावे.’ मी अक्षरावर पोट भरणारा माणूस, मला ते एका दमात वाचता येत नव्हतं. कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन चाललेली बाई ते काय वाचणार? साहेबांना मी एकदा म्हटलं, सरळ ‘पिऊ नका’ असं लिहू की. ते हसले. म्हणाले, पेंटर, कायद्यात ‘पिऊ नका’ नसतं.

चैत्रात एक अर्ज आला. लातूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतून निघणारा नाला ज्या शिवारातून जातो तिथल्या एका म्हाताऱ्याचा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. वरच्या अंगाला भांड्यांना आणि सायकलीच्या सुट्या भागांना चकाकी चढवायचा एक कारखाना सुरू झाला होता. त्याचं धुतलेलं पाणी नाल्यात सुटायचं, आणि नाल्यापासून हाकेच्या अंतरावर अप्पांची विहीर. अप्पांचं म्हणणं, म्हैस गाभडली, गड्याच्या हातांना चिरा पडल्या, मी घरचं प्यायचं पाणी पाव्हण्याच्या मळ्यातून आणतो.

आम्ही जीपनं गेलो. मी विहिरीत डोकावलो आणि मला अप्पांचाच संशय आला. काय ते पाणी! सगळ्या मुलुखात विहिरींचे तळ उघडे पडलेले आणि इथं दोन परस, म्हणजे दोन माणसं एकावर एक बुडतील एवढं पाणी, आणि तेही असं नितळ की तळाचा दगड दिसावा. वास नाही, रंग नाही. वाईट पाणी म्हणजे काळं, घाण मारणारं, हीच आमची समजूत. साहेबांनी बाटल्या भरल्या, बुचं लावली. वरच्या-खालच्या आणखी चार विहिरींचेही नमुने घेतले. अप्पांनी साहेबांना एक गोष्ट सांगितली ती मला नंतर फार आठवली. ते म्हणाले, मी गावाला सांगून थकलो की हे पाणी वंगाळ आहे, पण लोक म्हणतात म्हातारा पाणी दाबून बसलाय. दुष्काळात विहिरीचा प्रत्येक मालक हेच सांगत होता, त्यामुळं खरं बोलणारा आणि चोर एकाच मापानं मोजला जात होता.

निघताना साहेब म्हणाले, नमुना घेतलेल्या विहिरींवर नंबर टाका, म्हणजे रिपोर्ट आल्यावर घोटाळा होणार नाही. मी विचारलं, खाली काही लिहू का, पिऊ नये वगैरे? तर म्हणाले, रिपोर्ट हातात नसताना आपण काही लिहिलं तर कारखानदार उद्या कोर्टात उभा करील. नुसता नंबर टाका.

जीपमध्ये डबा कोणता होता? तहसिलाच्या कामातला उरलेला, लाल. हातवळण कोणतं? तेच, गोलात आकडा. आज कोणी मला विचारलं की बाबा रे, त्या क्षणी तुझ्या टाळक्यात काही आलं नाही का, तर खरं उत्तर हे की आलं नाही. मी रंगाकडं बघत होतो. अप्पांची विहीर तिसरी. कठड्याचा दगड घडीव, सपाट, मला शोभेल असा. मी गोल काढला, आत तीन काढला, शेपटी वर वळवून आत घेतली, आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं. चांगला आला होता. अप्पा शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता, आणि मला वाटलं म्हाताऱ्याला दगड रंगवलेला आवडला नाही.

बाटल्या तपासायला औरंगाबादला गेल्या. तिथून कागद यायला वैशाख उजाडला. दरम्यान मी नांदेडला गोदावरीच्या काठच्या घाटांवर ‘नदीत कपडे धुऊ नये’ लिहीत होतो आणि बायका माझ्या शिडीच्या पायाशीच धुणं आपटत होत्या.

कागद आला तो वाईट होता. साहेब वाचत होते तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. तीन नंबरच्या विहिरीत कारखान्याचा विषारी धातू उतरला होता, बाकी चारींत नव्हता. साहेबांनी त्याच दिवशी नोटीस तयार करवली. माझं अक्षर चांगलं म्हणून ती मीच लिहिली, ‘सदरहू’ सकट. दुसऱ्या दिवशी आम्ही अप्पांच्या गावच्या ग्रामपंचायतीसमोर. दाराला कुलूप. सरपंच लग्नाला मुरुडला गेलेले. फळा बाहेर होता, त्यावर दोन खिळ्यांनी नोटीस लावली. कोतवालाची आणि समोरच्या हॉटेलवाल्याची पंच म्हणून सही घेतली. पंचनामाही मीच लिहिला, साहेब सांगतील तसा. शेवटची ओळ अशी होती की ‘सदर सूचनेचा आशय उपस्थित तसेच सर्व संबंधित रहिवाशांना समजावून सांगण्यात आला.’ उपस्थित कोण, तर एक कुत्रं आणि चहाची किटली. मी हसत हसत लिहिलं. विहिरीकडं आम्ही गेलोच नाही, कारण नोटीस विहिरीवर लावायची नसते.

साहेबांना पुढं लातुरात मीटिंग होती. मी म्हटलं, साहेब, माझी बहीण इथून कोसभर माळापलीकडं दिलेली आहे, तिला भेटून उद्या एसटीनं येतो. ते बरं म्हणाले. मी डबा-ब्रशची पिशवी खांद्याला लावून माळ चढलो.

आक्काचं गाव दुसऱ्या ग्रामपंचायतीत. टँकर आठवड्यातून येईल तेव्हा येईल. मी पोचलो तेव्हा ती ओसरीवर नातवंडांची डोकी पुसत होती. मला बघून तिचं तोंड असं काही फुललं की मला आजही ते आठवलं की कसंसंच होतं. पाव्हण्याला गूळ-पाणी द्यायची आमच्याकडं रीत. तिनं गुळाचा खडा दिला, चांगला लिंबाएवढा, आणि तांब्याभर पाणी. उन्हातून आलेलो, मी तांब्या रिकामा केला. म्हटलं, आक्का, टँकर आला वाटतं?

तर म्हणाली, “टँकर कशाला? तुझ्याच हिरीचं पाणी हाय की ते. दीड म्हैना झाला, समदं गाव तिथलंच पेयलंय.”

मला आधी कळेना. मग ती सांगत सुटली. चैत्रात कोणी गुराख्यानं येऊन सांगितलं की अप्पांच्या विहिरीवर सरकारनं लाल नंबर टाकलाय. बायका बघायला गेल्या. अप्पा आडवे आले, हे पाणी पिऊ नका म्हणाले. म्हातारा नेहमीसारखा खोटं बोलतोय की सरकारी नंबर खरा आहे, असा घोळ झाला. आणि तो कोणी मिटवला? माझ्या आक्कानं. ती पुढं झाली, कठड्यावरचा तीनचा आकडा बोटानं गिरवला आणि सांगितलं, ही शेपटी माझ्या भावाच्या हातची आहे. मागल्या साली तहसिलाच्या समद्या विहिरी यानंच रंगवल्या. माझा भाऊ खोटा नंबर टाकायचा नाही. झालं. दोन गावं आणि एक तांडा त्या दिवसापासून तिथं पाणी भरायला लागला. हे सांगताना आक्काचा आवाज अभिमानानं भरून आला होता. गावात तिला बायका रांगेत पुढं घ्यायच्या, पेंटरची बहीण म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी भिंतीला टेकून खाली बसलो. पोरं तांब्याशी खेळत होती, तो मी ओढून घेतला आणि पालथा केला. आक्का बघतच राहिली. मग मी तिला सांगितलं. अडखळत सांगितलं, नीट सांगता आलं नाही, कारखाना, नाला, बाटल्या, औरंगाबाद. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“मग त्यो आकडा काढलास कशाला?”

नमुन्याचा नंबर म्हणून, हे काय उत्तर झालं? पण तेच खरं उत्तर होतं, तेच दिलं. ती उठून आत गेली आणि चुलीपाशी पाठमोरी बसली. मी बाहेरून हाका मारत राहिलो. मला तिचा राग येण्याआधी स्वतःचा आला, आणि राग आला की मी काहीतरी करायला धावतो, ही माझी जुनी खोड. पिशवी उचलली आणि माळ उतरून सरळ विहिरीवर गेलो.

तिथं ही गर्दी. चाळीसेक बायका, दोन बैलगाड्या, टिपाडं, पोरं. कप्पी सारखी करकरत होती. अप्पा लिंबाखाली डोकं धरून बसले होते. मी ओरडून सांगितलं, बायांनो, पाणी भरू नका, तपासणीत वाईट निघालंय. कोणी मान वर केली नाही. एक म्हातारी म्हणाली, हे तर अप्पाबी रोज म्हणतंय. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी ब्रश काढला आणि माझ्या त्या सुंदर तीनवर फुली मारली, एक आडवी, एक तिडवी, आणि गोल रंगानं खोडून टाकला.

तेवढं मात्र सगळ्यांना वाचता आलं. मला काय ठाऊक, तहसील विहीर मालकाला परत करायचं तेव्हा गिरदावर, म्हणजे तिथला महसुलाचा माणूस, अशीच फुली मारून जायचा. मी फक्त नंबर टाकायला जात होतो, फुली मारायला वेगळा माणूस होता. बायकांनी बघितलं की सरकारी माणूस आला आणि विहीर मालकाला देऊन टाकली. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं तहसिलात हात ओले केले. मग सगळा घोळका अप्पांवर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी. एकीनं त्यांचा पटका ओढला, दुसरीनं धोंडा उचलला. मी मध्ये पडलो तर मलाही धक्के बसले. ज्या एकट्या माणसानं पहिल्या दिवसापासून खरं सांगितलं होतं, अर्ज केला होता, स्वतःच्या विहिरीचं पाणी सोडलं होतं, तो माझ्या दोन रेघांमुळं मार खाणार होता.

तेवढ्यात माळावरून आक्का उतरताना दिसली. डोक्यावर एक घागर, कमरेला एक. सगळ्यांना वाटलं पाणी भरायला येतेय. मलाही वाटलं, आणि मी मनात म्हटलं, हिचाही विश्वास बसला नाही. पण ती चालत होती ते भरल्या घागरीनं. घरातलं पाणी परत घेऊन आली होती, कोसभर, उन्हातून, या वयात. बायका बाजूला झाल्या. ती कठड्यापाशी आली, कमरेची घागर उतरवली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर ओतली. मग डोक्यावरची.

त्या वर्षी कोणी ओंजळभर पाणी सांडलं तर घरात भांडण व्हायचं. अंघोळीचं पाणी जनावराला, जनावराचं उरलेलं झाडाला. अशा दिवसांत दोन भरल्या घागरी मातीत गेल्या आणि मातीनं त्या लगेच पिऊन टाकल्या. धोंडा उचललेल्या बाईचा हात खाली आला.

आक्का म्हणाली, “माझ्या भावाचं चुकलं. म्या तुमाला सांगितलं, माझंबी चुकलं. अप्पा खरं बोलतंय. हे पाणी पिऊ नगा.”

आणि तिनं रिकामी घागर कठड्यावर, माझ्या फुलीच्या वर, पालथी घातली.

एकेक बाई पुढं आली आणि आपली घागर ओतत गेली. काहींनी नाही ओतली, त्या डोळे चुकवून भरल्या घागरी घेऊन गेल्या. त्यांना मी कुठल्या तोंडानं अडवणार? बैलगाडीवाल्यानं टिपाडाचं बूच काढलं तेव्हा तो रडत होता. मी अप्पांपाशी गेलो, पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, आता या बाया पाणी कुठून आणणार? नोटिशीत त्याचं उत्तर नव्हतं.

बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरे, म्हणजे पाणी झिरपायचे खड्डे, उकरायला लागल्या, दीड कोस पलीकडं. आक्काला कोणी रांगेत पुढं घेतलं नाही. टोमणे काय कमी असतात? पेंटरच्या बहिणीनं पाजलं आणि पेंटरच्या बहिणीनंच तोडलं, असं तिच्या तोंडावर बोलायच्या. ती शेवटच्या नंबरला उभी राहायची आणि झिऱ्यात उरलेलं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरून आणायची. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्या सुनेनं सांगितलं.

नांदेडला जाऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, तो पंचनामा फाडा, त्यात मी ‘सर्व रहिवाशांना समजावून सांगण्यात आला’ असं लिहिलंय, ते खोटं आहे. ते म्हणाले, पेंटर, तो वर गेला. वर गेलेला कागद खाली येत नाही. पण त्याच आठवड्यात ते स्वतः आक्काच्या गावाला गेले, चावडीपुढं उभं राहून साध्या भाषेत बोलले, कोतवालाला हलगी वाजवायला लावून तांड्यावरही दवंडी दिली. हे कुठल्या कलमात बसत होतं कोणास ठाऊक. टँकरसाठीही त्यांनी तहसिलात खेटे घातले. टँकर जेठात आला. वरातीमागून घोडं, पण आलं.

पुढं जिथं जिथं वाईट पाण्याची विहीर निघाली तिथं मी नंबराशेजारी एक पालथी घागर काढायला लागलो. कोणाला विचारलं नाही. साहेबांनी बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. पालथी घागर कोणालाही कळायची, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला. कारखाना काही दिवस बंद होता, मग आत एक हौद बांधून परत सुरू झाला. अप्पांच्या विहिरीचं पाणी नंतर बरीच वर्षं कोणी प्यालं नाही. अप्पा गेले, विहीर अजून आहे.

आक्काचं पोट काही वर्षांनी दुखायला लागलं, मग मूत्रपिंडाचं निघालं. लातूरच्या डॉक्टरांना मी विचारलं, त्या दीड महिन्याचं तर नसेल? ते म्हणाले, सांगता येत नाही, कशानंही होतं. दुसऱ्याला विचारलं, तोही हेच म्हणाला. खरंच सांगता येत नसेल. ज्याचं त्याचं शरीर. पण मी ते मनातून काढू शकलो नाही आणि खोटं कशाला बोलू, काढायचा प्रयत्नही केला नाही.

शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसायचो. एका दुपारी सून बाहेर गेलेली, आम्ही दोघंच. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, आक्का, त्या पाण्याची चव तुला कधी वेगळी लागली नाही का? मला त्या दिवशी काहीच कळलं नाही.

ती हसली. म्हणाली, तुला कसं कळंल, तुला एवढा मोठा गुळाचा खडा दिला होता. मग छताकडं बघत म्हणाली,

“तुरटच लागायचं रे, पयल्या दिवसापास्नं. लेकरं प्यायची न्हाईत, म्हणून त्यायलाबी गूळ द्यायचे. पर वर तुझा हात होता.”